डोको घेऊन धावणारी मुले

प्रश्न : हिवाळ्यात अन्नपूर्णा परिसरात पदभ्रमंतीसाठी गेलो असता, पोखराजवळच्या एका चढावर पाठीवर टोपल्या घेऊन धावणारे तरुण आणि त्यांची वेळ नोंदवणारे ब्रिटिश सैनिक अचानक दृष्टीस पडले. ही गुरखा भरती असल्याचे चहाच्या टपरीवर समजले. सोबतचे एक गृहस्थ या मुलांना ‘भाडोत्री सैनिक’ म्हणाले. ते योग्य आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण पाहिलीत ती भरतीतील सर्वांत अवघड कसोटी. डोको म्हणजे बांबूची निमुळती टोपली. तिचा पट्टा खांद्यांवर नव्हे, तर कपाळावर घेतात. त्यामुळे 25 किलोंचा भार घेऊन सुमारे 5 किलोमीटरचा चढ पाऊण तासाच्या आसपास पार करताना मानेच्या शिरा तट्ट फुगतात आणि नजर पायांपुढच्या दगडांवरून हलवता येत नाही. हजारो उमेदवारांतून दर वर्षी काही शेच निवडले जातात. मुलाच्या तयारीच्या वर्गासाठी घराने कर्ज काढलेले असते, असेही घडते, आणि आपल्याकडे पहाटे रस्त्यावर धावणारी भरतीची मुले पाहणाऱ्याला त्या घराची घालमेल वेगळी सांगायला नको.

‘भाडोत्री’ हा शब्द मात्र मला अन्यायाचा वाटतो. 1814 ते 1816 या काळात ज्या गोरखा सैन्याशी इंग्रज लढले, त्यातल्याच शिपायांना त्यांनी 1815 पासून आपल्या फौजेत घेतले. पुढे 1947 मध्ये भारत, नेपाळ आणि ब्रिटन यांच्यात करार होऊन 10 गुरखा रेजिमेंटांपैकी 6 भारताकडे राहिल्या आणि 4 ब्रिटनकडे गेल्या. अशा रीतीने एखाद्या देशाच्या नियमित सेनेत असलेला सैनिक, जिनिव्हा करारांना 1977 मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक करारातील व्याख्येप्रमाणेही, भाडोत्री ठरत नाही. नेपाळी लोक त्याला ‘लाहुरे’ म्हणतात. रणजितसिंहांच्या काळी लाहोरला जाऊन फौजेत भरती होणाऱ्यांवरून आलेला हा शब्द आजही गावात मानाचा आहे.

विचारायचेच असेल, तर त्याच्या मोबदल्याविषयी विचारावे. समान निवृत्तिवेतनासाठी वृद्ध गुरखा सैनिकांना 2021 मध्ये लंडनमध्ये, थेट ब्रिटिश पंतप्रधानांच्या निवासस्थानासमोर, उपोषणाला बसावे लागले. इकडे भारतात 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. ती 1947 च्या करारात बसत नाही, या नेपाळच्या आक्षेपामुळे तिथून भारतीय सेनेत होणारी भरती थांबली. म्हणजे आपण पाहिलेल्या शर्यतीत मागे पडलेल्या मुलाने पूर्वी भारतीय सेनेची जी वाट धरली असती, ती आता त्याच्यापुढे उरलेली नाही.