मामाच्या लेथवरचे १४ महिने सीव्हीत का नाहीत?

तासगावहून एका विद्यार्थ्याचं पत्र आलं आहे. मेकॅनिकल डिप्लोमा, ५८ टक्के. शेवटच्या वर्षी दोन विषय राहिले, वर्ष गेलं. त्या काळात तो कुपवाड एमआयडीसीत मामाच्या वर्कशॉपमध्ये १४ महिने लेथवर, म्हणजे धातू कातून आकार देणाऱ्या यंत्रावर, काम करत होता. चाकण-भोसरीच्या चाळीसेक कंपन्यांना सीव्ही पाठवला, पण एकाही ठिकाणाहून फोन नाही. सीव्ही सोबत जोडून तो विचारतो, चुकतंय कुठे?

प्रिय मित्रा,

तुझ्या सीव्हीची तीनही पानं दोनदा वाचली. त्यात मामाचं वर्कशॉप कुठेच नाही. पत्रात तू म्हणतोस, 'ते घरचं काम, त्याला अनुभव कोण म्हणणार?' अरे, लेथवर उभा राहून तू जॉब, म्हणजे मापाचे सुटे भाग, काढलेस, त्याला अनुभव नाही तर काय म्हणायचं? उलट तो न लिहिल्यामुळे तुझं ते वर्ष रिकामं दिसतं आणि वाचणारा नको ती शंका घेतो.

म्हणून टक्क्यांच्याही आधी, सर्वात वर हा अनुभव येऊ दे. 'लेथ मशीनचं ज्ञान आहे' एवढ्यानं भागणार नाही. कोणते जॉब केलेस? शाफ्ट, बुश, पुली? दिवसाला साधारण किती नग? ड्रॉइंग स्वतः वाचायचास की मामा मापं सांगायचा? टूलला धार स्वतः लावायचास का? माप कशानं घ्यायचास? मायक्रोमीटर लिहिलास तर त्याचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सर्वात लहान माप, मुलाखतीत विचारतीलच. नेहमीच्या मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी, व्हर्नियरचा बहुधा ०.०२ मिमी. हे तुला येत असणार, कारण ही साधनं तू रोज हाताळलीस. पण सीव्हीत तू कॅटिया आणि सॉलिडवर्क्स ही डिझाइनची सॉफ्टवेअरही टाकली आहेस. त्यात एखादा पार्ट समोर बसून काढता येतो का? येत नसेल तर आजच काढून टाक. एक खोटी ओळ पकडली गेली की खऱ्या दहा ओळींवरचा विश्वास उडतो.

मामाकडून लेटरहेडवर अनुभवाचं पत्र घे. तारखा खऱ्या, काम खरं. नातं विचारलं तर सरळ सांग, त्यात लाजण्यासारखं काही नाही. विषय राहिल्याचंही तसंच. सीव्हीत त्याचा पाढा वाचू नकोस, पण पास झाल्याचं वर्ष बदलू नकोस.

आता काय काढायचं? सायबर कॅफेवाल्यानं टाकलेला तो 'करिअर ऑब्जेक्टिव्ह', ज्याचा अर्थ तुलाही सांगता येणार नाही. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती हे लग्नाच्या बायोडाटात ठीक. आधार क्रमांक तर अजिबात नको, तो असा चाळीस ठिकाणी वाटायची गोष्ट नाही. छंद, शेवटचं प्रतिज्ञापत्र, रंगीत चौकटी, सगळं जाऊ दे. एक पान पुरे. बऱ्याच ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि चौकटी-तक्त्यांत ते गोंधळू शकतं. साधी मांडणी ठेव, पीडीएफ पाठव, फाइलला स्वतःचं नाव दे. इंग्रजी साधं चालेल, पण तुझं हवं.

चाळीस ठिकाणी एकच सीव्ही पाठवलास, तेही थांबव. जाहिरातीत 'सीएनसी टर्निंग', म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथचं काम, मागितलं असेल आणि तुझा हात फक्त साध्या लेथवर बसला असेल, तर तसंच लिही आणि शिकायची तयारी कळव. क्वालिटीची जागा असेल तर मापं घेण्याचं काम वर आण. प्रत्येक अर्जामागे वीस मिनिटं जातील, जाऊ देत.

शिवाय केंद्र सरकारच्या एनएटीएस (राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजना) पोर्टलवर नाव नोंदव. डिप्लोमाधारकांना तिथून वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळू शकते आणि दरमहा विद्यावेतनही मिळतं.

येत्या रविवारी मामाकडे जा. त्या १४ महिन्यांतली माल पाठवल्याची जुनी चलानं आणि ड्रॉइंग काढून दोघं बसा आणि तुझ्या हातून गेलेल्या जॉबची यादी करा. सीव्ही त्यानंतर लिही. इंग्रजी अडलं तर मराठीत लिहून मला पाठव, इंग्रजी आपण मिळून करू.