‘आत्मविश्वास’ की ‘भरवसा’? ख्रिस्ती मराठीतील एका शब्दकुळाविषयी

एका वाचकाने विचारले आहे : ‘देवाच्या प्रेमावरील विश्वासामुळे माणसाला आत्मविश्वास मिळतो’ हे वाक्य ख्रिस्ती विचाराच्या दृष्टीने बरोबर आहे का? आणि ते बरोबर असेल, तर मराठी बायबलमध्ये व प्रार्थनांमध्ये ‘आत्मविश्वास’ हा शब्द सहसा का भेटत नाही, त्याच्या जागी कधी ‘भरवसा’, कधी ‘खातरी’, तर कधी ‘धैर्य’ असे निरनिराळे शब्द का येतात?

वाक्य व्याकरणाला धरून आहे आणि रोजच्या बोलण्यात त्याचा आशयही पोचतो. ते चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. तरीही ख्रिस्ती लेखनात ते जसेच्या तसे घ्यावे असे मला वाटत नाही, कारण त्यातला शेवटचा शब्द वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागाशी ओढाताण करतो. ‘आत्मविश्वास’ या समासात ‘आत्म’ म्हणजे ‘स्वतः’, आणि विश्वास टेकतो तोही स्वतःवरच. वाक्याची सुरुवात मात्र देवाच्या प्रेमापासून झालेली आहे. ख्रिस्ती मराठीत ‘आत्मा’ म्हटले की ‘पवित्र आत्मा’ मनात येतो, त्यामुळे ‘आत्मविश्वास’ म्हणजे आत्म्याने दिलेला विश्वास असा अर्थ लावण्याचा मोह काहींना होतो. परंतु शब्दाची घडण तो अर्थ देत नाही.

मूळ शब्द ‘विश्वास’. संस्कृतात तो ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणे या धातूला ‘वि’ हा उपसर्ग लागून झाला आहे. मोकळा श्वास घेणे, निर्धास्त असणे, हा त्याचा जुना भाव. मराठीने या शब्दाला दोन क्रियापदे जोडली आणि त्यांतून एक महत्त्वाचा भेद सहज साधला. ‘देव आहे असा माझा विश्वास आहे’ हे मत झाले. ‘मी देवावर विश्वास ठेवला’ ही कृती झाली, आणि तिच्यात दुसरा पक्ष आला. नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हाच भेद तीव्रपणे मांडला आहे : देव एकच आहे असे भुतेही मानतात, आणि थरथर कापतात. नुसते मत बाळगल्याने कापरे थांबत नाही, हे त्या एका वाक्यात स्पष्ट होते. ख्रिस्ती मराठीने ‘विश्वासणे’ असे क्रियापद आणि ‘विश्वासणारे’ असे नाम रूढ केले, तेही या कृतीवर भर देण्यासाठीच असावे, असे मला वाटते.

जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत विश्वासासाठी जो धातू येतो, त्यात ‘घट्ट असणे, टिकून राहणे’ असा अर्थ आहे, आणि प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी येणारे ‘आमेन’ त्याच धातूचे. यशया संदेष्ट्याने सातव्या अध्यायाच्या नवव्या वचनात या धातूची दोन रूपे एकाच वाक्यात योजून आहाज राजाला बजावले आहे. मराठीत तो नाद राखायचा तर ‘भाव’ आणि ‘निभाव’ ही जोडी उत्तम : भाव धरला नाही, तर निभाव लागणार नाही. म्हणजे माणसाचे टिकणे त्याच्या स्वतःच्या कणखरपणावर नव्हे, तर त्याने कोणाला धरले आहे यावर अवलंबून आहे.

आता ‘भरवसा’. हा शब्द वापरला की प्रश्न येतोच : कोणावर? ‘त्याच्यात फार भरवसा आहे’ असे आपण बोलत नाही. ‘त्याच्यावर भरवसा आहे’ असेच बोलतो. ‘-वर’ या शब्दयोगी अव्ययाशिवाय भरवसा उभाच राहत नाही. दुसऱ्या राजे ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात एक प्रसंग आहे. इसवी सनापूर्वी 701 मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याचे सैन्य यरुशलेमपर्यंत येते, आणि त्याचा अधिकारी रब्शाके तटावरील लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात यहूदाचा राजा हिज्कीया याला विचारतो की, हा तुझा भरवसा कसला आहे? मिसरावर (इजिप्तवर) टेकलास, तर ती चेचलेली बोरूची काठी आहे, टेकणाऱ्याच्या हातात घुसेल. यहूदाच्या दरबाऱ्यांनी त्याला विनंती केली की, अरामी भाषेत बोल, तटावरच्या माणसांना कळेल अशा भाषेत बोलू नकोस; त्याने ती मानली नाही. त्याचा हेतू दुष्ट होता, पण त्याचा प्रश्न नेमका होता. भरवशाची किंमत तो ठेवणाऱ्याच्या मनोबलावरून ठरत नाही, ज्यावर तो ठेवला आहे त्यावरून ठरते. बोरूवर कितीही मनापासून टेकले तरी हात वाचत नाही.

प्रेषित पौल फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै नगरातील ख्रिस्ती मंडळीला, लिहिताना ‘देहावर भरवसा’ असा शब्दप्रयोग करतो, आणि लगेच खुलासा करतो की, तसा भरवसा ठेवायला आपल्याकडे इतरांपेक्षा अधिक कारणे आहेत : आठव्या दिवशी झालेली सुंता, बन्यामिनाचा वंश, इब्री आईबापांचा इब्री मुलगा, नियमशास्त्राच्या दृष्टीने परूशी, म्हणजे ते काटेकोरपणे पाळणाऱ्या पंथाचा. हे सारे त्याने ख्रिस्तापुढे कचऱ्यासारखे लेखले. इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पौल स्वतःला नालायक ठरवून रडत बसलेला नाही. दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो ‘आम्हांला भरवसा आहे’ असे ठामपणे म्हणतो आणि पुढच्याच वाक्यात सांगतो की, ही पात्रता आमची नव्हे, देवाकडून आलेली आहे. ‘आत्मविश्वास’ या शब्दाविषयी माझा जो आक्षेप आहे तो एवढाच. ठामपणाला हरकत नाही. तो कोठून आला हे त्या शब्दातून दिसत नाही.

‘खातरी’ची गोष्ट वेगळी. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला; ‘खातिर’ म्हणजे मन, आणि ‘खातरजमा’ म्हणजे मन एका ठिकाणी येणे, निश्चिंत होणे. भरवसा ‘ठेवावा’ लागतो, खातरी मात्र ‘होते’ किंवा ‘पटते’. कोणी दटावले म्हणून, किंवा स्वतःशी घोकले म्हणून ती होत नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी पौलाने जे ग्रीक क्रियापद वापरले आहे, त्याचे रूपही असेच आहे : मला पटवले गेले आहे आणि ते पटणे अजून टिकून आहे. म्हणून तिथे ‘माझी खातरी आहे’ हे मराठी वाक्य फार समर्पक वाटते. त्या खातरीचा विषय कोणता, हेही पाहण्यासारखे आहे. माझे सगळे ठीक होईल, अशी ती खातरी नाही. त्याआधी तीन वचनांवर क्लेश, छळ, उपासमार, नग्नता, तलवार अशी यादी त्याने स्वतःच दिली आहे आणि त्यांतले काही टळेल असे आश्वासन दिलेले नाही. मरण, जीवन, देवदूत, वर्तमान, भविष्य, उंची, खोली यांपैकी काहीही आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळे करू शकणार नाही, एवढाच त्या खातरीचा विषय आहे, आणि तेवढा पुरेसा आहे.

सगळ्यांत समृद्ध शब्द मला ‘धैर्य’ वाटतो. नव्या करारात ज्या ठिकाणी मराठीत ‘धैर्य’ येते, त्यांतील बऱ्याच ठिकाणी मुळात ‘पार्रेसिया’ असा ग्रीक शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ सर्व काही बोलणे, आडपडदा न ठेवता बोलणे. ग्रीक नगरांत तो स्वतंत्र नागरिकाचा हक्क मानला जाई. म्हणून इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने जाण्याची सूचना येते, तेव्हा केवळ न घाबरता जाणे एवढेच अभिप्रेत नसते, तर तिथे पोचल्यावर मनातले सगळे बोलता येणे अभिप्रेत असते.

या धैर्यात आणि आपण ज्याला एरवी आत्मविश्वास म्हणतो त्यात काय अंतर आहे, हे येशूचा शिष्य पेत्र याच्या चरित्रात दिसते. शेवटच्या भोजनानंतर तो येशूला म्हणाला की, सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही. हा निखळ आत्मविश्वास होता, आणि तो खोटाही नव्हता. त्या क्षणी त्याला तसेच वाटत होते. त्याच रात्री, प्रमुख याजकाच्या वाड्यात, थंडी होती म्हणून चाकरांनी कोळशांचा विस्तव पेटवला होता, त्याच्याजवळ पेत्र शेकत उभा राहिला, आणि एका दाराच्या राखणदार दासीच्या प्रश्नापासून सुरुवात होऊन त्याने येशूला तीनदा नाकारले. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांच्या विस्तवासाठी इथे जो ग्रीक शब्द येतो, तो संपूर्ण नव्या करारात आणखी एकदाच येतो : एकविसाव्या अध्यायात, पुनरुत्थानानंतर, समुद्रकिनारी. तिथे विस्तवावर मासळी ठेवलेली आहे, जवळ भाकर आहे, आणि न्याहारी झाल्यावर येशू पेत्राला तीनदा विचारतो की, तू माझ्यावर प्रीती करतोस काय? पहिल्या वेळी तो ‘ह्यांच्यापेक्षा अधिक’ असेही शब्द घालतो, म्हणजे पेत्राने जी तुलना केली होती तीच त्याच्यापुढे ठेवतो. पेत्र ती तुलना उचलत नाही. मी करतो, असे तो म्हणतो, पण त्याचा आधार म्हणून स्वतःचे मन पुढे करत नाही. ‘तुला ठाऊक आहे’ असे म्हणतो, आणि तिसऱ्यांदा दुःखी होऊन, ‘प्रभू, तुला सर्व ठाऊक आहे’. ज्याने आपला पळपुटेपणा पाहिला, तो आपल्याला अजून ओळखतो आणि आपल्यावर अनुयायांचा कळप सोपवतो, हे त्या न्याहारीत पेत्राला कळले.

पुढे प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात हाच पेत्र न्यायसभेपुढे उभा आहे. तिथल्या अधिकाऱ्यांना त्याचे आणि योहानाचे ‘धैर्य’ पाहून आश्चर्य वाटले. शब्द तोच, पार्रेसिया. ही माणसे अशिक्षित, सामान्य आहेत हे त्यांनी ओळखले, आणि हे येशूच्या सहवासात होते हेही ओळखले. धैर्याचे कारण शोधताना त्यांची नजर त्या दोघांच्या स्वभावाकडे न जाता सहवासाकडे गेली, हे त्या ग्रंथाचा लेखक लूक याने टिपून ठेवले आहे. दासीपुढे डळमळलेला माणूस न्यायसभेपुढे डळमळला नाही, आणि मधल्या काळात त्याने मनोबल वाढवण्याचा अभ्यास केला होता असे कुठे लिहिलेले नाही.

वाचकाच्या वाक्यातील ‘प्रेम’ या शब्दाविषयी थोडे. जुन्या मराठी बायबलमध्ये देवाच्या संदर्भात ‘प्रीती’ हा शब्द रूढ झाला, आणि आजही उपासनेच्या भाषेत तोच अधिक ऐकू येतो. ‘प्रेम’ म्हटल्याने अर्थ बिघडत नाही. योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात ‘देव प्रीती आहे’ हे विधान आहे आणि त्याच अध्यायात, पूर्ण प्रीती भीती घालवून देते, हेही आहे. तिथे भीतीचे कारणही दिले आहे : भीतीत शिक्षेची वाट पाहणे असते. ज्याला आपल्यावर प्रीती आहे हे पटले, त्याची ती वाट पाहणे संपते. त्याआधीच्या अध्यायात याहूनही दिलासा देणारे एक वाक्य आहे : आपले मन आपल्याला दोषी ठरवते, तेव्हा देव आपल्या मनापेक्षा थोर आहे आणि त्याला सर्व काही कळते. स्वतःवरचा विश्वास जिथे नेमका उडालेला असतो, तिथेच हे वाक्य लागू पडते. ज्याला स्वतःविषयी चांगले वाटत नाही त्याला ‘स्वतःवर विश्वास ठेव’ असे सांगणे म्हणजे रिकाम्या हातालाच दान मागणे आहे. म्हणून अशा माणसाशी बोलताना हा शब्दभेद पाळणे मला केवळ भाषेचा प्रश्न वाटत नाही.

भाषेच्याच अंगाने तेविसाव्या स्तोत्रातील एक बारकावा इथे सांगण्याजोगा आहे. पहिल्या तीन वचनांत कवी देवाविषयी तृतीयपुरुषात बोलतो : परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला चालवतो. चौथ्या वचनात मृत्युछायेचे खोरे येते, आणि तिथे सर्वनाम बदलते : मी भिणार नाही, कारण ‘तू’ माझ्याबरोबर आहेस. भीती जिथे सर्वांत जास्त, तिथे देवाविषयी बोलणे संपून देवाशी बोलणे सुरू झाले. मराठी ख्रिस्ती माणूस देवाला ‘आपण’ म्हणत नाही, ‘तू’ म्हणतो. त्यामुळे हे वळण मराठीत जसेच्या तसे उतरते.

राहता राहिले ‘विश्वासामुळे’ हे रूप. ‘-मुळे’ कारण दाखवते, आणि ख्रिस्ती विचारात विश्वास हे कारण नाही. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तारण ‘कृपेने’, ‘विश्वासाच्या द्वारे’ झाले असे म्हटले आहे; कृपा हे कारण, विश्वास हे ती स्वीकारण्याचे द्वार. विश्वासाला कारण ठरवले, तर आपला विश्वास पुरेसा आहे की नाही याची नवी धास्ती सुरू होते. मार्काच्या नवव्या अध्यायातील आजारी मुलाच्या बापाने ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा’ असे एकाच दमात म्हटले, आणि त्याचा मुलगा बरा झाला. तेव्हा ‘-मुळे’ प्रीतीला लावावे, ‘द्वारे’ विश्वासाला. ‘देवाच्या प्रीतीमुळे, विश्वासाच्या द्वारे, माणसाला धैर्य मिळते’ अशी रचना मी सुचवीन. बोलण्यात कोणी ‘आत्मविश्वास’ म्हटले तर अडवू नये; प्रवचनात, प्रार्थनेत किंवा लेखात मात्र, ज्याच्यावर टेकलो ते सांगायचे असेल तिथे ‘भरवसा’, मनाला पटले ते सांगायचे असेल तिथे ‘खातरी’, आणि देवापुढे किंवा माणसांपुढे तोंड उघडण्याविषयी बोलायचे असेल तिथे ‘धैर्य’ लिहावे.