वाचकांचे प्रश्न : डिमर भंगारात द्यावा का?

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यसंस्थेकडे सहा चॅनेलचा जुना डिमर (रंगमंचाचे दिवे मंद-तेज करणारी पेटी) आणि ० ते १० व्होल्टवर चालणारं फेडरचं, म्हणजे सरकत्या बटणांचं, कन्सोल आहे. चौथा चॅनेल फेडर पूर्ण खाली ओढला तरी फुल पेटलेला राहतो. शिवाय संध्याकाळी सगळेच दिवे एकदम थरथरतात, सकाळच्या तालमीत नाही. काही फेडर सरकवताना दिवा उड्या मारतो. दुरुस्ती करावी की भंगारात देऊन एलईडी पार (रंगमंचाचे एलईडी दिवे) घ्यावेत?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : भंगारात देऊ नका. तिन्ही दोष वेगळे आहेत आणि तिन्ही स्वस्तात निघतात.

आधी चौथा चॅनेल. कन्सोलची केबल काढा. तरीही दिवा पेटलेला राहिला तर दोष डिमरमध्येच, बहुतेक ट्रायॅक (दिव्याचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट. दिव्याची फिलामेंट तुटताना आत ठिणगी पेटते, क्षणभर प्रचंड करंट वाहतो आणि एमसीबी पडायच्या आधीच ट्रायॅक जातो. प्लग काढून पाच मिनिटं थांबा, दिवाही सॉकेटमधून काढा, मग ट्रायॅकच्या एमटी१ आणि एमटी२ या दोन मुख्य पायांमधला रोध मोजा. चांगला ट्रायॅक मेगओममध्ये दाखवतो, शॉर्ट झालेला जवळपास शून्य. बदली म्हणून बीटीए ४१-८०० घ्या, ४० अँपिअरचा. १००० वॅटच्या दिव्याला चार-साडेचार अँपिअरच लागतात, पण थंड फिलामेंट सुरुवातीला त्याच्या दहापट ओढते. बीटीएचा पाठीचा पत्रा आतून इन्सुलेटेड असतो. दुकानदाराने बीटीबी दिला तर अभ्रकाची चकती लावावीच लागेल, नाहीतर हीटसिंकलाच (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पट्टीला) करंट येईल. गेटचा, म्हणजे ट्रायॅकच्या ट्रिगर पायाचा, रेझिस्टर जळलाय का तेही बघा. ऑप्टोकपलर (कंट्रोलचा इशारा प्रकाशाने ट्रायॅकपर्यंत नेणारी चिप) एमओसी ३०२१ च हवा. ३०४१ तसाच दिसतो, पण तो शून्य व्होल्टच्या आसपासच ट्रिगर होतो, म्हणून दिवा मंद होतच नाही.

सगळे दिवे एकत्र थरथरतात म्हणजे गडबड सामाईक भागात, कंट्रोलच्या पॉवर सप्लायमध्ये. फिल्टरचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वीस-पंचवीस वर्षांत सुकतो. १२ व्होल्ट स्थिर देणाऱ्या ७८१२ रेग्युलेटरला आत किमान साडेचौदा व्होल्ट लागतात. संध्याकाळी लाइनचं व्होल्टेज उतरलं की रिपलचा (डीसीवर उरलेल्या चढ-उताराचा) तळ त्याखाली जातो, रॅम्प (ट्रायॅकची वेळ ठरवणारं चढतं-उतरतं व्होल्टेज) दर अर्ध्या सायकलला डगमगतो आणि फायरिंगची, म्हणजे ट्रायॅक चालू होण्याची, वेळ चुकते. गणपतीत मांडवांचा लोड वाढला की हाच डिमर आधी रडतो. मीटरवर डीसी १७-१८ दिसलं म्हणून समाधान मानू नका, एसीवर टाकून रिपल मोजा. स्वस्त मीटर एसीवर डीसीही मिसळून दाखवतात, म्हणून एका प्रोबला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये जोडा. एक व्होल्टच्या वर रिपल आला तर १००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, १०५ अंशाचा नवा लावा, ध्रुव सांभाळून. हे मोजमाप चालू डिमरवर होतं. काही जुन्या डिमरांत कंट्रोलची ग्राउंड थेट लाइनला जोडलेली असते. टेस्टर लावून खात्री केल्याशिवाय हात घालू नका.

फेडरचं काम सोपं. खाडीच्या दमट हवेने कार्बनची पट्टी खराब होते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-तीस वेळा सरकवा. फरक पडला नाही तर बी१०के, म्हणजे लिनियर, घ्या. लॉग घेतला तर प्रकाशाचा सगळा फरक एकाच टोकाला येतो.

एलईडी पार जरूर घ्या, पण डिमरच्या सॉकेटला कधीही लावू नका. आतली एसएमपीएस (पॉवर सप्लाय) डिमरने कापलेल्या लहरीवर चालत नाही, ती जाते. त्यांना थेट २३० व्होल्ट आणि डीएमएक्सची (दिव्यांना डिजिटल सूचना देणारी) वेगळी लाइन द्या. डिमर हॅलोजनसाठी ठेवा, मंद होताना येणारा तो तांबूसपणा स्वस्त पारमध्ये मिळणार नाही.