वाचकांचे प्रश्न: तिसऱ्या पिढीचा वेत

प्रश्न: आजोबा बुरुड आळीत वेताच्या खुर्च्या विणायचे, बाबांनी दुकान काढलं, आता माझा मुलगा म्हणतो सगळं प्लास्टिकच्या वेताचं ठेवूया, गिऱ्हाईक तेच मागतं. काय करू? – एक वाचक, पुणे

उत्तर: काका, मुलाचं म्हणणं उडवून लावू नका. टेरेसवर उन्हापावसात पॉलिथिलीनची वीण अन् अ‍ॅल्युमिनियमची फ्रेमच टिकते, खरा वेत तिथे काळा पडतो, बुरशी धरतो, तेव्हा तो माल जरूर ठेवा. पण विणकाम बंद करू नका प्लीज! वेत हा ताडाच्या कुळातला वेल, बांबूसारखा पोकळ नाही, आतून भरीव, म्हणून वाफ दिली की हवा तसा वाकतो आणि वीण सैल झाली तरी त्याच सांगाड्यावर नवी घालता येते, हे काम येणारे हात आता कमी राहिलेत आणि तुमच्या घरात ते आहेत. कच्च्या मालाची अडचण खरी आहे, इंडोनेशियाने २०१२ पासून कच्च्या वेताची निर्यात बंद केली. म्हणून रिपेअरिंगवर जोर द्या, जुन्या वाड्यांमधून फ्लॅटमध्ये आलेल्या आरामखुर्च्या, झोपाळे पुन्हा विणून द्यायचे, त्याला माल कमी लागतो. मुलाला आधी तेच शिकवा, ऑर्डर्स फोनवर घेणं तो बघेल.