मोठी बातमी कळली तेव्हा आपण कुठे होतो, हे इतकं लख्ख कसं आठवतं? आणि ते खरं असतं का?

लख्ख आठवतं, हे खरं. पण आठवतं ते बरोबरच असतं, असं नाही.

१९७७ मध्ये रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकी राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येसारख्या घटनांच्या आठवणींना 'फ्लॅशबल्ब मेमरी' असं नाव दिलं. धक्का बसताच मेंदू त्या क्षणाचा जणू फोटोच काढून ठेवतो, अशी ती कल्पना.

पुढे उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी ती तपासली. जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान दुर्घटनेत नष्ट झालं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी विद्यार्थ्यांकडून 'बातमी कुठे, कशी कळली' हे लिहून घेतलं. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच विचारलं, तर ११ जणांचं सगळंच चुकलं! गंमत म्हणजे, स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवूनही मूळ आठवण कुणाला परत आली नाही.

खुद्द नायसर यांना पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याची (१९४१) बातमी रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकताना कळल्याचं पक्कं आठवायचं. तो दिवस ७ डिसेंबरचा, आणि डिसेंबरात बेसबॉलचा मोसमच नसतो. (बहुधा अमेरिकन फुटबॉलचा सामना असावा.)

मुख्य घटना सहसा पक्की राहते. घसरतात ते तपशील: सोबत कोण होतं, आधी कुणी सांगितलं. शिवाय तो किस्सा आपण इतक्यांदा सांगतो की सांगितलेलंच पुढे आठवू लागतं. म्हणून खात्री हवी असेल तर त्याच दिवशी डायरीत चार ओळी लिहा.