जवळचा दवाखाना चांगला आहे हे कसं ओळखायचं?

नव्या भागात राहायला आलात, घरात मधुमेह असलेले सासरे आणि लहान मूल, आणि आसपासच्या दवाखान्यांपैकी कुठला धरावा असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, औषधाचं दुकान चालवतो. परिसरातल्या सगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या माझ्या काउंटरवर येतात, त्यामुळे माझं मत त्या चिठ्ठ्यांवरून बनलेलं आहे.

बाहेरची गर्दी आणि गूगलवरचे तारे बाजूला ठेवा. तारे बऱ्याचदा पार्किंगला मिळालेले असतात. 'त्यांच्या हाताला गुण आहे, एका डोसात ताप उतरतो' हे ऐकलं की मी तर सावधच होतो. कागदाच्या पुडीत तीन-चार सुट्ट्या गोळ्या, वर नाव नाही, सोबत चिठ्ठी नाही. त्यात डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइडची बारीक गोळी असली तर पेशंट संध्याकाळपर्यंत टुणटुणीत होतो, पण मधुमेह्याची साखर भलतीच चढते. शिवाय अंगावर पुरळ उठलं तर काय खाल्लं होतं हे दुसऱ्या डॉक्टरला सांगणार कसं? सासऱ्यांसाठी पुडीवाला दवाखाना नकोच.

चिठ्ठीवर डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर बघा. एमबीबीएस असतील तर तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडचा असतो. बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) यांच्या कौन्सिल वेगळ्या. औषधाचं जेनेरिक नाव, म्हणजे कंपनीचं नाही तर मूळ औषधाचं, वाचता येईल अशा अक्षरात लिहावं, असा नियम एमबीबीएसवाल्यांसाठी २०१६ मध्ये आला. पाळणारे थोडे, पण आहेत.

मग औषधं बघा. साध्या सर्दीला, जिथे अँटिबायोटिकची गरज नसते, पहिल्याच दिवशी सेफिक्झिम लिहिणारे डॉक्टर मला चांगले माहीत आहेत, कारण हे अँटिबायोटिक २०१४ पासून शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या यादीत आहे आणि विकलं की पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव मला वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. कधीकधी अख्खं पान एकाच नावाने भरतं! पावसाळ्यात तापाला सरसकट डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन देणारा असाच. तो ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि 'अशक्तपणा आलाय, सलाईन लावा' हे तर आपणच मागतो. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे. तोंडाने नीट जेवणाऱ्या माणसाला ती शिरेतून कशाला? 'नको, घरी जाऊन जेवा' असं सांगून पेशंट गमावणारा डॉक्टर भेटला तर सोडू नका.

सासऱ्यांना एकदा दाखवून आणा आणि त्यांना मोजे काढायला लावतात का बघा. मधुमेहात पायाची जखम बऱ्याचदा दुखतच नाही, त्यामुळे ती बघावीच लागते. जुनी फाइल उघडून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) किती ते बघतात का? मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचा डोस मूत्रपिंडावर अवलंबून असतो. साखर उपाशीपोटी एकदा मोजून भागत नाही, एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, तीन-सहा महिन्यांनी हवीच.

मुलाच्या बाबतीत वजनकाटा बघा. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो, किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम. सिरप मात्र पाच मिलीत १२५ मिलिग्रॅमचं येतं आणि २५० चंही. चिठ्ठीवर नुसतं 'सिरप एक चमचा' असलं की मला फोन करावा लागतो. त्या फोनवर डॉक्टर कसे बोलतात, त्यावरून मला फार कळतं. काही जण खेकसतात, 'जे आहे ते द्या.' एक बाई आहेत, त्या दरवेळी 'थांबा हं, केसपेपर काढते' म्हणतात आणि मुलाचं वजन सांगून मगच डोस सांगतात. त्यांच्या दवाखान्यात ना एसी, ना टीव्ही, आणि नंबर लागायला तासभर सहज जातो.

तुमच्या भागातल्या केमिस्टला हे विचारता येईल. दवाखान्याला लागून असलेलं दुकान मात्र टाळा, तिथे दोघांचं पोट एकमेकांवर असतं. जरा लांबच्या दुकानात दुपारी जा. कोण वाईट असं विचारू नका, कुणी सांगणार नाही. 'तुमच्या घरच्यांना कुठे दाखवता?' एवढंच विचारा.