बोले कायदा, बोले विधेयक की बोले ठराव?

नेरूळहून एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या सोसायटीत संविधान दिनाला गेटजवळ फलक लावतात, यंदा त्यावर एक ओळ होती की "सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा कायदा पारित केला". त्यावरून कमिटीत जुंपली. एक काका म्हणाले कायदा नव्हे, विधेयक लिहा, दुसरे म्हणाले बोले ठराव असंच सगळीकडे असतं, तेच लिहा. ताईंचा प्रश्न असा की हे तिन्ही एकच ना, आणि 'पारित' हा शब्द मराठीत चालतो का.

दुसरे काका बरोबर. ठरावच. आणि तिन्ही एकच नाहीत, या ठिकाणी तर अजिबात नाहीत, कारण तो कायदा असता तर पुढे महाडच्या चवदार तळ्यावर जे झालं ते बहुतेक वेगळ्या तऱ्हेने झालं असतं.

ठराव हा शब्द इतका अंगवळणी पडलाय की त्याच्याकडे कोणी बघतच नाही. ठरणे, ठरवणे, त्यावरून ठराव. माणसं बसली, बोलली, काय ते ठरलं, कागदावर उतरलं. साहित्य संमेलनात सीमाप्रश्नावर होतो तोही ठराव, आणि आपल्या ठाण्या-नेरूळच्या सोसायट्यांच्या वार्षिक सभेत सूचक अमुक अनुमोदक तमुक करून जो 'सर्वानुमते' मंजूर होतो तोही ठरावच (सर्वानुमते म्हंजे बाकीचे आलेच नव्हते, ते सोडा). त्याची ताकद किती हे तो कुठे झाला आणि त्याला मागून कुठल्या कायद्याचा आधार आहे यावर अवलंबून. सोसायटीने कुत्रा पाळायचा नाही असा एकमुखी ठराव केला तरी कायद्यापुढे तो टिकत नाही, हे किती सोसायट्यांना वकिलाची फी भरून कळलंय. उलट विधानसभेतला अविश्वासाचा ठराव बघा, एक मत इकडचं तिकडे झालं की सरकार घरी. म्हणून ठराव म्हणजे नुसती पोकळ गोष्ट असं धरून चालू नका. पण सभासदाने लोकांच्या एखाद्या प्रश्नावर मांडलेला साधा ठराव असतो ना, तो बहुतेक वेळा सभागृहाचं मत असतो, सरकारला केलेली शिफारस. सरकारने ऐकलं तर ऐकलं.

विधेयक वेगळं. विधेय म्हणजे जे करायचं आहे, अजून झालेलं नाही. विधेयक हे कायद्याचं जन्माआधीचं रूप, ते सभागृहात मांडतात, त्याची वाचनं होतात, कलमवार चर्चा, दुरुस्त्या, कधी समितीकडे जातं, मग मतदान, जिथे दोन सभागृहं आहेत तिथे दुसऱ्या सभागृहातही तेच, मग राज्यपाल किंवा राष्ट्रपतींची संमती, राजपत्रात छापलं जातं आणि तेव्हा कुठे त्याचा अधिनियम होतो. अधिनियम हा कागदावरचा शब्द, बोलताना आपण कायदाच म्हणतो, अरबीतून आलेला आणि कधीच घरचा झालेला. या प्रवासाला वेळ लागतो तो कधी कधी नावातच दिसतो. आपला रोजगार हमीचा कायदा घ्या, नाव 'महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७', पण क्रमांक 'सन १९७८ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २०' आणि अंमल २६ जानेवारी १९७९ पासून.

आता बोले. सीताराम केशव बोले, भंडारी समाजातले पुढारी, मुंबईच्या गिरणी कामगारांत काम केलेले, आणि मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद. (त्या काळी विधिमंडळ हा शब्द रुळला नव्हता, लोक कौन्सिलच म्हणत.) ४ ऑगस्ट १९२३ ला त्यांनी मांडलेला ठराव कौन्सिलने मंजूर केला. काय होतं त्यात, तर सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेले, चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने हे सगळं अस्पृश्य मानलेल्या लोकांना वापरू द्यावं, अशी कौन्सिलची शिफारस. शिफारस, ताई. सगळी गोम इथे आहे. 'वापरू दिलं नाही तर अमुक शिक्षा' असं कलम ठरावात नसतं, असूच शकत नाही.

सरकारने पुढच्याच महिन्यात खात्यांना कळवलं की सरकारी मालकीच्या जागांपुरता हा ठराव अमलात आणा. नगरपालिका आणि लोकल बोर्डांचं काय? त्यांना सल्ला, की विचार करा बुवा. महाडच्या नगरपालिकेने विचार केला. १९२४ च्या जानेवारीत तिने स्वतःचा ठराव करून चवदार तळं खुलं केलं, सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखी माणसं तिथे होती म्हणून. म्हणजे ठरावावर ठराव झाला आणि तळ्यावर अस्पृश्य मानलेले लोक जाऊ शकत नव्हते ते नव्हतेच. बोले मात्र गप्प बसले नाहीत, ऑगस्ट १९२६ मधे परत ठराव आणला की ज्या नगरपालिका आणि बोर्डं हे अमलात आणत नाहीत त्यांचं सरकारी अनुदान बंद करा. मला यातला माणूस इथे दिसतो. पहिल्या ठरावाला दात नाहीत हे कळल्यावर हातात जे हत्यार होतं तेच त्याने घासून परत बाहेर काढलं, आणि थेट पैशाच्या नाडीवर ठेवलं.

मग २० मार्च १९२७. बाबासाहेब आणि हजारो लोक चवदार तळ्यावर गेले, पाणी प्यायले, नंतर त्यांच्यावर हल्ला झाला, हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कमी जणांना माहीत असतं. त्याच वर्षी ४ ऑगस्टला महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. योगायोग बघा, बोले ठरावाला बरोब्बर चार वर्षं झाली त्या तारखेला. ठरावाने दिलेलं ठरावाने काढून घेतलं, बास. कायदा असता तर नगरपालिकेच्या हातात ते नसतं. आपल्याकडे पेपरात वाचतो ना, महासभेने केलेला ठराव आयुक्तांनी विखंडनासाठी (म्हणजे रद्द करायला) शासनाकडे पाठवला, तिथे निदान दुसरं कोणीतरी वरून तो मोडतं, महाडला पालिकेने स्वतःच केला आणि स्वतःच मोडला. पुढे डिसेंबरात विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला, तळं खाजगी आहे, त्याचं नाव चौधरी तळं आहे इथवर युक्तिवाद झाले, आणि हायकोर्टाचा निकाल लागेपर्यंत मार्च १९३७ उजाडला. निकाल बाबासाहेबांच्या बाजूने, अस्पृश्यांना वगळण्याची म्हणे अनादि काळापासूनची रूढी होती ती विरोधकांना सिद्ध करता आली नाही.

त्यामुळे फलकावर 'कायदा' लिहिलं की हे सगळं गायबच होतं. वाचणाऱ्याला वाटणार १९२३ ला कायदा झाला होता, मग १९२७ ला सत्याग्रहाची गरज काय होती? खरा कायदा बराच नंतर, संविधानाचं कलम १७, आणि ते मोडणाऱ्याला शिक्षा देणारा १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, ज्याचं नाव १९७६ मधे बदलून नागरी हक्क संरक्षण अधिनियम झालं. बोल्यांचं मोठेपण यात कमी होत नाही, उलट सभागृहाने एकदा मान्य केलेली गोष्ट आहे हे महाडकरांच्या हातात त्यांनी दिलं. ओळ अशी लिहा: "सी. के. बोले यांनी मांडलेला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याची शिफारस करणारा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला." जरा लांब आहे पण फलकात बसेल. आणि 'बोले यांनी मंजूर केला' नको, सभासद मांडतो, मंजूर सभागृह करतं.

पहिल्या काकांच्या 'विधेयक'बद्दलही थोडं, कारण गोंधळ कुठून होतो ते मला कळतं. बाबासाहेबांनी त्याच कौन्सिलमधे खरंच विधेयकं आणली होती. १९२८ चं महार वतनाचं (गावकीच्या कामाच्या बदल्यात मिळणारी जमीन आणि हक्क) विधेयक, ते समितीकडे गेलं आणि शेवटी १९२९ ला त्यांनी मागे घेतलं. १९३७ मधे, तोवर कौन्सिलच्या जोडीला असेंब्ली आली होती, १७ सप्टेंबरला खोती (खोताने गावचा सारा वसूल करायची पद्धत) नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. नवी मुंबईत राहणाऱ्या कोकणातल्या निम्म्या घरांत खोताच्या गोष्टी असतील, तर त्या खोतीचं. पुढच्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर गेला, पण ते संमत झालं नाही ते नाहीच, खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. वतनं १९५८ च्या कायद्याने. तर 'विधेयक मांडलं' हे वाक्य ऐकून 'कायदा झाला' असं समजायचं नाही, मधे दहा-वीस-तीस वर्षंही जाऊ शकतात. आणि मंत्री नसलेल्या सभासदाचं विधेयक, ज्याला आपल्या विधिमंडळात अशासकीय विधेयक म्हणतात, त्याचं नशीब तर फारच वाईट. स्वातंत्र्यानंतर संसदेत अशी जेमतेम १४ कायद्यापर्यंत पोचलीत, शेवटचं १९७० मधे. तरी खासदार शुक्रवारी दुपारी ती मांडत राहतात, कारण निदान चर्चा होते, कामकाजात नोंद राहते.

राहिलं 'पारित'. मराठी टीव्हीवर हल्ली सर्रास ऐकू येतो, तो हिंदी बातम्यांतून आलाय असं मला वाटतं. चूक म्हणून कोणी फाशी देणार नाही, पण आपल्याकडे दोन चांगले शब्द असताना कशाला? विधेयक संमत होतं, ठराव मंजूर होतो, ही जोडी कानाला बरोबर लागते. अदलाबदल केली तरी चालतं, विधेयक मंजूर असं पेपरवाले रोज लिहितात. बोलताना 'बिल पास झालं' म्हणा खुशाल. फक्त 'ठराव पास' म्हटलं तर कोणी अडवणार नाही पण 'बोले बिल' म्हणू नका, नाहीतर पहिले काका परत उठतील.